बावीस वर्षांची माती

बावीस वर्षांपूर्वी मी लिहून दिलं होतं,
पान एकशे चौदा, तक्ता नऊ:
खानापूरच्या या पट्ट्यातली कौलांची माती
आजच्या वेगाने उपसत राहिलं
तर बावीस वर्षांत संपेल.
खाली माझी सही.
बेळगावला परतताना लाल बसच्या खिडकीशी
मी माझ्याच आकड्यावर खूश होते.

आज ती मुदत भरली.
मी मोजायला आलेय.

सोबत बसलिंग, एम. ए.चं दुसरं वर्ष,
हातात टॅब, खांद्यावर टेप, पायात कोरे बूट.
प्रश्नावली इंग्रजीत,
विचारायची मराठीत, उत्तर कधी कानडीत,
कधी अर्ध्या वाक्यात कूस बदललेलं.
आकड्याला मातृभाषा नसते,
असं मी वर्गात शिकवते.
इथे शेवंताक्का बोटांच्या पेरांवर खेपा मोजते:
सातापर्यंत मराठीत,
'एंटु'पासून पुढे कानडीत.
का, विचारलं, तर म्हणाली,
"सात घरच्या, गावच्या.
फुडच्या हुबळीच्या व्यापाऱ्याच्या न्हवं का."

प्रश्न सतरा: मातीचा दर काय?

"मातीला कसला दर ओ बाई?
दर असतोय वाटेला.
तळ्यातली माती गावाची,
पण गाडी जातीया पाटलाच्या बांधावरनं.
त्यो घेतोय खेपेला तीस."

संसाधनाचा खंड यावर
माझी तीन प्रकरणं आहेत.
त्यात बांध कुठेच नाही.

खाणीकडे गेलो.
माती आहे.
हातभर उकरली की लागते, करडी, थंड,
बोटाला लोण्यासारखी चिकटणारी.
बसलिंगने टेप सोडली: दोन मीटर, तीन, साडेतीन.
टेप संपली.

जुने खड्डे पाण्याने भरलेत.
माझ्या अहवालात त्यांचं नाव होतं 'ऱ्हास, सव्वातीन एकर'.
त्यात आता म्हशी डुंबतायत,
एक पोरगं मच्छरदाणीच्या तुकड्याने मासे धरतंय,
आणि खालच्या आळीतली विहीर
मे महिन्यातही आटत नाही म्हणतात.
हे कुठे भरू, मॅडम?
'इतर' मध्ये भर.

सतरा भट्ट्यांतल्या दोनच धुरकटलेल्या.
एका धुराड्यातून उंबर वर आलाय, चांगला पोरसवदा.
घरांवर पत्रा, स्लॅब, कुठे निळं प्लास्टिक.
शेवंताक्काच्या स्वतःच्या घरावरही पत्राच.
"माकडं लई झाल्यात, कौलं टिकू देत न्हाईत."
माकड हा चल
माझ्या समीकरणात नव्हता.
लेक तिचा म्हापशाला, हॉटेलात,
गुजरातहून आलेली फरशी पुसतो.

चहा झाला. कप विसळता विसळता ती म्हणाली,
"तवा तुम्हीच आला हुता न्हवं?
चष्मा न्हवता तवा."
मी होय म्हटलं, जरा सुखावूनच.
"तुमचा कागद बँकेतल्या सायबानं दावला हुता.
माती संपणार म्हणून लिवलंय,
मग भट्टीला कर्ज कशाला, म्हणाला.
आमच्या सासऱ्यानं लई इनवणी केली.
त्यानं पान उघडूनच ठेवलं."

रागाने नव्हे.
पाऊण कप साखर उसनी नेल्याची
आठवण करून द्यावी, तसं.

बसलिंग खाली बघत होता. मग हळूच:
अंदाज चुकला असं लिहायचं, की बरोबर आला?
मी टॅब मागून घेतला.
कर्सर लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला.
बॅटरी नऊ टक्के.

परतीला जीप बांधावर आली
तर पाटलाचा नातू काठी आडवी धरून.
बसलिंगने तीस रुपये काढले, वर पावती मागितली,
विद्यापीठाला हिशेब द्यावा लागतो म्हणून.
"गाडीत काय हाय?"
कागद, बसलिंग म्हणाला.

त्याने मागे डोकावून पाहिलं,
गठ्ठ्यावर एकदा थाप मारली,
काठी उचलली.

"कागदाला पैसे न्हाईत. जावा."